जवळून पाहण्याचा अधिकार

भाऊबीज उलटली की ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांतून मंडई भरू लागते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलेच असते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील ज्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, तेथील ही रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत जागी असते. वैनगंगेचा पूल ओलांडला की देसाईगंज-वडसा लागते. तेथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. गावोगावची मंडळी तेथे येऊन आपल्या गावच्या मंडईसाठी किंवा शंकरपटासाठी नाटक ठरवून जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेच्या सुमारास पडतो. २०२३ साली याच रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातील कित्येक घरांत तो घरचाच सत्कार मानला गेला. धर्मगुरूने रात्रभर नाटक पाहत बसावे काय, असा प्रश्न येथे बदलून आलो तेव्हा आम्हांस पडला होता. पहिल्याच हिवाळ्यात तो सुटला. जेथे आपले सारे भाविक शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बसलेले आहेत तेथून आपणच उठून जावे, यात पुण्य ते कोणते?

या रंगभूमीवरील नटाला हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. तेथे अंगावर घोंगडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला राजाचा क्रोध कळला पाहिजे आणि सुनेचे दुःखही कळले पाहिजे. म्हणून हात खांद्याच्या वर जातो, आवाज चढतो, हुंदका लांबतो. नागर समीक्षक यास भडकपणा म्हणतात. आम्हांस ते म्हणणे मान्य नाही. अंतर मोठे असले की अक्षरही मोठे काढावे लागते, इतकाच त्याचा अर्थ. या नटाने आपले दुःख आपण होऊन प्रेक्षकांच्या स्वाधीन केलेले असते. ते त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र चित्रपट आहे, आणि त्यातही घरातल्या चार माणसांपुरते बोलणारा, हलक्या आवाजाचा चित्रपट. त्या चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटकाचे स्मरण केले, कारण दोहोंमधला मुख्य भेद अंतराचा आहे. नाटकात प्रेक्षक आपली जागा सोडीत नाही. चित्रपटात कॅमेरा प्रेक्षकाला उचलून पात्राच्या तोंडापाशी नेऊन बसवतो. हे जवळ जाणे वरवर दिसते तितके निरुपद्रवी नाही, हे आम्हांस एका दुःखद प्रसंगाने शिकवले.

गेल्या काही वर्षांत धर्मग्रामांतून लग्नाप्रमाणे अंत्यविधीचेही चित्रण करण्याची रीत पडली आहे. परगावी नोकरीस असलेल्या आप्तांना वेळेवर येता येत नाही, त्यांच्यासाठी ते उपयोगी पडते, हे आम्ही नाकारीत नाही. अशाच एका अंत्यविधीच्या वेळी, तरुण मुलाच्या शवपेटीशी बसलेल्या आईच्या तोंडासमोर चित्रण करणाऱ्याने कॅमेरा नेला. अंतर हातभराचे असेल. ती माउली रडत नव्हती. बहुधा म्हणूनच तो तेथे थांबला असावा, रडू फुटण्याची वाट पाहत. आम्ही वेदीपाशी उभे होतो. हाताने खूण करून त्यास मागे सारता आले असते. आम्ही तसे केले नाही. पुढे महिनाभराने त्या घरी सांत्वनास गेलो असता ते चित्रण आम्हांस दाखवण्यात आले, आणि सांगण्यास खेद होतो की, त्या चेहऱ्याकडे आम्हीही टक लावून पाहत राहिलो. ती माउली त्याच खोलीत, आमच्या मागे उभी होती.

दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या इतके जवळ जाण्याचा अधिकार कोणाला असतो आणि तो कशाने मिळतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे. उत्तर शोधताना आम्ही काही मराठी चित्रपट पुन्हा पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभी थोडे तंत्राविषयी. चित्रचौकट ठरवताना दिग्दर्शकाला आणि छायालेखकाला मुख्यतः तीन गोष्टींचा निर्णय करावा लागतो: पात्रापासून किती दूर राहायचे, त्याच्या डोळ्यांच्या किती वर वा खाली राहायचे आणि किती वेळ पाहत राहायचे. या तिन्ही निर्णयांत पाहणाऱ्याची वृत्ती उतरते. वरून पाहिले की माणूस लहान होतो, खालून पाहिले की मोठा होतो, समोरून त्याच्या उंचीवर पाहिले की तो आपल्याइतका होतो. लवकर नजर काढून घेणे हा कधी संकोच असतो, कधी निष्काळजीपणा असतो. दीर्घकाळ पाहत राहणे हे कधी प्रेम असते, तर कधी हावही असते. समीपदृश्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंचा अनुभव देणारे जुने उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. डेन्मार्कचे दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांनी १९२८ साली संत जोन ऑफ आर्क यांच्या खटल्यावर मूकपट काढला. जवळजवळ सबंध चित्रपट चेहऱ्यांचा आहे, आणि नटांच्या तोंडाला रंग लावलेला नाही. जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेत्ती या रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. त्यांचा चेहरा आपल्या ध्यानात राहतो, परंतु त्याच्या आळीपाळीने येणारे न्यायाधीशांचे चेहरेही तितकेच ध्यानात राहतात. कोणाच्या नजरेत तिरस्कार आहे, कोणाच्या नजरेत धूर्तपणा आहे, एखाद्याच्या नजरेत दया आहे. जोनकडे प्रत्येकजण पाहतो आणि पाहता पाहता स्वतःच उघडा पडतो.

आमच्या मते या विषयाची किल्ली येथे आहे. कॅमेरा एखाद्याच्या जवळ जातो तेव्हा ज्याच्याकडे पाहिले जाते त्याचा स्वभाव जितका प्रकट होतो, तितकाच जो पाहतो त्याचाही प्रकट होतो. घरगुती चित्रपटांत हे विशेष खरे आहे, कारण तेथे लढाया नसतात, पाठलाग नसतात. एकाने दुसऱ्याकडे कसे पाहिले, एवढीच तेथे घटना असते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट २०१३ सालचा. चित्रपटगृहांत तो सर्वत्र लागला तो २०१६ साली. डॉक्टर चक्रपाणी शास्त्री, अर्थात अप्पा, हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना अल्झायमरचा विकार जडला आहे. आयुष्यभर ज्यांनी शब्दांची जोपासना केली त्यांना माणसांची नावे आठवेनाशी झाली आहेत. थोरली मुलगी इरा त्यांना घेऊन बाहेर पडते, अप्पांना मोटारीत बसवून दुकानात जाते आणि तेवढ्यात रस्त्याने एक हत्ती चाललेला अप्पांना दिसतो. ते मोटारीतून उतरून बालकाच्या कुतूहलाने त्या हत्तीमागे चालू लागतात. इरा परत येते तो मोटार रिकामी. पुढे एकीकडे इराचा शोध चालतो आणि दुसरीकडे अप्पा त्या माहुताच्या बिऱ्हाडात जाऊन पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना मुलासारखे सांभाळते. अप्पा तिला 'आई' म्हणू लागतात.

अप्पांची भूमिका डॉक्टर मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. रोगाची लक्षणे त्यांना पाठ असणार. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी रोग वठवून दाखवलेला नाही. विस्मृतीचा अभिनय करताना नटाला सोपे मोह पुष्कळ असतात: मान डुलवावी, ओठ लोंबते सोडावेत, डोळे शून्यात लावावेत. आगाशे तसे करीत नाहीत. त्यांचे अप्पा सतत कशाकडे तरी पाहत असतात, आणि जे पाहतात त्यात गुंतून जातात. हत्ती दिसला की हत्ती. अन्न दिसले की अन्न. त्यांच्या मुखातून श्लोक अस्खलित येतो, आणि त्यानंतरच्याच क्षणी समोरच्या माणसाचे नाव येत नाही. या दोहोंच्या मध्ये त्यांच्या चेहऱ्यावर दीनपणा नसतो. प्रेक्षकाने कीव करावी यासाठी लागणारे साहित्यच त्यांनी प्रेक्षकाला पुरवलेले नाही. ज्याला आपली संमती देता येत नाही अशा माणसाच्या जवळ कॅमेरा जातो तेव्हा त्याची लाज राखण्याचे काम नटाकडे येते. आगाशे यांनी ते चोख केले आहे.

इरावती हर्षे यांची इरा ही या चित्रपटातील खरी परीक्षा देणारी व्यक्ती. वडिलांवर तिचे प्रेम आहे, पण ती थकलेली आहे. वडिलांकडे पाहताना ती त्यांच्यात कालचे वडील शोधीत असते. ते सापडले नाहीत की तिच्या चेहऱ्यावर आधी राग येतो आणि मग त्या रागाची शरम येते. मोटारीच्या बंद अवकाशात दोघे एकमेकांच्या अगदी शेजारी असतात, आणि तरीही त्यांच्यामधले अंतर आपल्याला जाणवते. अप्पा हरवल्यावर तर ती नसलेल्या माणसाकडे पाहत राहते. त्यांच्या आठवणी एकामागून एक येतात आणि प्रत्येक आठवण तिला विचारते की, तू खरोखर यांना हरवू दिलेस, की मनातून तुलाच हे हवे होते? असा प्रश्न शब्दांत मांडला तर क्रूर वाटेल. चेहऱ्यावर तो सहन होतो, कारण अभिनेत्री त्याचे उत्तर देत नाही.

आणि मग चन्नम्मा. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते सर्वस्वी उचित होते. चन्नम्मा कानडी मुलखातली. तिची भाषा वेगळी, घर दरिद्री, मुले लहान. अप्पा कोण होते हे तिला ठाऊक नाही, आणि त्यांची विद्वत्ता ठाऊक झाली असती तरी तिचा तिला उपयोग नव्हता. तिच्यापुढे एक भुकेला म्हातारा आहे. ती त्याला खाऊ घालते. अमृता सुभाष यांच्या अभिनयाची थोरवी अशी की, त्या करुणेचा अभिनय करीत नाहीत, काम करतात. त्यांचे हात चालू असतात, तोंड चालू असते आणि अप्पांकडे जाणारी नजर कामातून सवड काढून जाते, जशी आईची मुलाकडे जाते. इराची नजर विचारते, 'तुम्ही मला ओळखता ना?' चन्नम्माची नजर काही विचारीतच नाही.

धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही हा चित्रपट युवकांसाठी दाखवला तेव्हा काही वडीलधारी मंडळीही येऊन बसली होती. संपल्यानंतर चर्चा झाली. युवकांनी आजाराविषयी, औषधांविषयी, मुलांच्या कर्तव्याविषयी विचारले. मागे बसलेल्या एका आजीबाई इतकेच म्हणाल्या, "त्याले नाव आठवत नाही, पन मानूस समजते." चित्रपटाविषयी याहून नेमके काही आम्हांस आजवर लिहिता आलेले नाही.

गुणगौरवासोबत एक उणेही नोंदवले पाहिजे. 'अस्तु'मध्ये काही ठिकाणी पात्रे चित्रपटाचा आशय स्वतःच सांगू लागतात. चेहऱ्याला जे सांगायचे असते ते संवाद आधीच सांगून मोकळा होतो, आणि मग चेहऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. सुमित्रा भावे यांचा पिंड समाजकार्यकर्तीचा होता. १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून त्या चित्रपटाकडे आल्या त्या लोकांशी बोलण्याचे साधन म्हणून, आणि २०२१ साली त्यांचे निधन होईपर्यंत ती निष्ठा त्यांनी सोडली नाही. प्रेक्षकाला समजले पाहिजे ही त्यांची तळमळ आम्हांस समजते. प्रवचनकाराला तर ती अधिकच समजते. पण आम्हीही हळूहळू शिकत आहोत की, ऐकणाऱ्याला जे स्वतः उमगले असते ते त्याला पुन्हा सांगितले की त्याचे उमगणे मालकीचे राहत नाही.

दुसरे उदाहरण संदीप सावंत यांच्या 'श्वास' या चित्रपटाचे. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. २००४ साली तो सर्वत्र पोहोचला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही पाठवला गेला. कोकणातून आलेले आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, शहरातील डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग निघतो. मुलाचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ही गोष्ट मुलाला सांगायची कशी आणि कोणी, याभोवती चित्रपट फिरतो. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा कोणालाही न विचारता नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवण्यासाठी.

हा चित्रपट पाहण्याविषयीचा आहे हे उघडच आहे. मात्र त्यात कोण कोणाकडे पाहते याकडे लक्ष दिले की त्यातील माणसे अधिक कळतात. अरुण नलावडे यांच्या आजोबांना सर्वांत अवघड काम करायचे आहे: नातवासमोर चेहरा सावरायचा. नातू पाहत असतो, आणि त्याचे पाहणे आता मोजके उरले आहे. अशा वेळी आजोबांच्या चेहऱ्यावर जे येईल ते मुलाच्या अखेरच्या आठवणींत जाणार. नलावडे हे रंगभूमीवरून आलेले नट. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे त्यांना ठाऊक आहे. येथे त्यांना पहिल्या रांगेपासूनही लपायचे आहे. त्यांचे दुःख गळ्याशी येऊन थांबते, आणि कॅमेरा ते थांबणे टिपतो. संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर साने आरंभी कागदांकडे, घड्याळाकडे, पुढच्या रुग्णाकडे पाहत असतात. ते कठोर नाहीत, घाईत आहेत. आपल्यापैकी जे रुग्णालयांत, शाळांत आणि धर्मग्रामांत सेवा करतात त्यांना ही घाई ओळखीची वाटेल. डॉक्टरांची नजर हळूहळू मुलावर आणि आजोबांवर ठरू लागते, हाच त्या पात्राचा विकास. त्यासाठी वेगळी घटना रचावी लागलेली नाही.

बालकलाकार अश्विन चितळे याला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मुलांकडून निरागसपणा करवून घेण्याची आपल्या चित्रपटांची जुनी खोड आहे. येथे मूल हट्ट करते, चिडते, घाबरते. त्याला कळवळ्याचा विषय होण्याची हौस नाही. गावाकडे परतताना काळा चष्मा लावलेला परशुराम आपण पाहतो, तेव्हा आपण त्याला पाहू शकतो आणि तो आपल्याला पाहू शकत नाही. हाच क्षण सर्वांत धोक्याचा. येथे कॅमेऱ्याने दया दाखवली असती तर सारे बिघडले असते. दिग्दर्शक आपल्याला मुलाच्या कानांनी गाव ऐकू देतात. ज्याला पाहायचे त्याच्या जगात आधी शिरून मगच त्याच्याकडे पाहायचे, असा हा शिष्टाचार आहे.

तिसरे उदाहरण थोडे मागचे. डॉक्टर जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ साली आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. मुलगी काकूला लागलेली असते, आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते. स्मिता पाटील यांचा चेहरा कॅमेऱ्याला प्रिय होता असे सर्वच म्हणतात. आम्हांस त्यांचे वैशिष्ट्य उलट दिशेने जाणवले. कॅमेरा त्यांच्या जवळ जातो आणि एका मर्यादेवर त्याला थांबावे लागते. पतीचे बोलणे ऐकून घेणारी सुलभा आपल्याला दिसते. तिला काय झाले हे आपण समजतो, परंतु ती आता काय करील हे तिने आपल्याला सांगितलेले नसते. तिच्या जवळच्या माणसांनी तिला पत्नी, सून, आई अशा नावांनी पाहिले, आणि त्या नावांच्या पलीकडे काही आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्या पलीकडच्या गोष्टीची राखण ही अभिनेत्री शेवटपर्यंत करते. पाहणाऱ्याला सर्वच दिसले पाहिजे असा त्याचा हक्क नाही, हे या चेहऱ्याने आम्हांस शिकवले.

तीन चित्रपट, आणि तिन्हींत एकच नियम दिसतो. अप्पांकडे पाहणारी इरा आणि चन्नम्मा, परशुरामकडे पाहणारे आजोबा आणि डॉक्टर, सुलभेकडे पाहणारे तिचे घर: पाहण्याच्या रीतीत प्रत्येकाचा स्वभाव उतरला आहे. आणि पाहिल्या जाणाऱ्याने, म्हणजे नटाने, काही राखून ठेवले आहे. जवळ जाण्याचा अधिकार तेथेच मिळतो जेथे पाहणारा स्वतःही पाहिला जाण्यास तयार असतो. अंत्यविधीच्या वेळचा तो कॅमेरा आमच्या मनाला का बोचला, हे आता सांगता येते. त्या चौकटीत आई होती, पण तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. चित्रण करणारा अदृश्य होता आणि पुढे पाहणारे आम्हीही अदृश्य होतो.

सेमिनरीत आम्हांस शुभवर्तमान वाचण्यास शिकवले गेले ते अर्थाच्या अंगाने. त्यातील नजरांकडे लक्ष जायला पुढे बरीच वर्षे लागली. लूकच्या शुभवर्तमानात पेत्र तिसऱ्यांदा प्रभूला नाकारतो, कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून पेत्राकडे पाहतो. तेथे प्रभू एक शब्दही बोलत नाही. लूक त्या नजरेचे वर्णनही करीत नाही: ती रागाची होती की क्षमेची, हे तो सांगत नाही. पेत्र बाहेर जाऊन रडतो एवढेच सांगतो. ज्याच्याकडे पाहिले गेले त्याच्यावरून पाहणारा कसा होता हे आपण ओळखायचे. कोणत्याही दिग्दर्शकाने अभ्यासावा असा हा प्रसंग आहे, आणि तेथेही पाहणारा स्वतः सर्वांच्या नजरांखाली बांधून उभा आहे.

शेवटी एक वैयक्तिक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध शिक्षक आहेत. शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना गणित शिकवले. आता त्यांना कोणी ओळखू येत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जातो. त्यांच्या घरी गेलो की खाटेपाशी वाकून मोठ्याने विचारीत असू, "गुरुजी, ओळखलंत का?" त्यांच्या सूनबाईही म्हणत, "बाबा, सांगा पाहू, कोण आलंय?" गुरुजी आमच्या तोंडाकडे पाहत आणि त्यांच्या कपाळाला आठी पडे. ती आठी आम्ही रोगाची समजत होतो. 'अस्तु' दुसऱ्यांदा पाहिल्यानंतर ध्यानात आले की, ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची परीक्षा घेतली त्याची आम्ही दर महिन्याला परीक्षा घेत होतो आणि दर महिन्याला त्याला नापास करीत होतो. वरून वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही काही विचारले नाही. खाटेजवळ स्टूल ओढून त्यांच्या उंचीवर बसलो. सूनबाई चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजींनी आमच्या झग्याच्या बाहीला लागलेला खडूचा डाग पाहिला (सकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला होता), आणि बोटाने तो हलकेच झटकला. आठी पडली नव्हती.